बंबवाल्याची ठकूबाई

ठकूबाईनं माझ्याशी आयुष्यात एकदाही घासाघीस केली नाही, आणि याचा राग मला अजून आहे.

लोणावळ्याच्या बाजारात माझी लाकूड-कोळशाची वखार. ती मला कुणी आंदण दिलेली नाही. इंदुरीहून आलो तेव्हा दुसऱ्यांच्या मोळ्या डोक्यावर वाहत होतो, आणि जे मिळवलं ते जिभेच्या जोरावर मिळवलं. आमच्या धंद्यात विकणारा दीडपट सांगतो, घेणारा निम्म्यावर येतो, मग दोघं ओरडतात, एकजण रागानं उठून चार पावलं चालतो, दुसरा त्याला हाक मारतो, आणि शेवटी दोघंही आपणच जिंकलो असं समजून चहा पितात. यात फसवणूक नाही. ही बोलण्याची रीत आहे. जो माणूस घासाघीस करत नाही तो मला आपल्याशी बोलतच नाही असं वाटतं.

ठकूबाई कुरवंड्याची. डोंगरावरून मोळी घेऊन पहिल्यांदा वखारीत उतरली तेव्हा मी नेहमीप्रमाणे लाकडांना पायानं ढोसून तोंड वाकडं केलं.

"केवढ्याला?"

"चार आने."

"ओली दिसतायत. तीन घे."

तिनं वाकून मोळीखाली डोकं घातलं.

"अगं बाई, साडेतीन! साडेतीन देतो!"

"येकदा सांगितलं न्हवं, भाऊ?" एवढंच म्हणाली, आणि चालू लागली. मी हाक मारावी म्हणून ती चार पावलांवर थांबेल असं धरून मी थांबलो. ती वळलीसुद्धा नाही. मोळी समोरच्या हलवायाला गेली, चार आण्यांना. पुढच्या बाजारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या बाजारी मी मुकाट्यानं चार आणे काढले आणि घरी जाऊन बायकोवर ओरडलो. मोळी सोडून बघितली. वर सुकी आणि आत ओली, असा प्रकार नव्हता. खालपासून वरपर्यंत सारखी वाळलेली करवंदीची आणि जांभळीची लाकडं, एकेक बोटाच्या अंतरानं रचलेली. त्यामुळे तर मला आणखीच राग आला.

दिसायला म्हणाल तर ठेंगणी, काळी, रुंद हाडाची. चालताना पावलं जमिनीत रोवल्यासारखी टाकायची. आवाज मोठा. डोंगरावर या टेकाडावरून त्या टेकाडावर बोलायची सवय. चार हातांवरच्या माणसाशीही ती दरीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. कानात सांगायची गोष्ट तिच्यापाशी नव्हतीच. बाजारात कुणी तिला हळूच काही विचारलं की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्यायची, आणि विचारणाऱ्याची पंचाईत व्हायची.

तिचा नवरा ज्ञानू बंगल्यांच्या कंपनीत माळी होता. खंडाळ्याच्या बाजूला मुंबईच्या धनवान लोकांचे बरेच बंगले होते. मालक उन्हाळ्यात महिना-दोन महिने राहायचे. बाकीचं वर्ष एक कंपनी ते सांभाळायची. बागा, पाणी, पहारा, सगळं तिच्याकडे. बंगले लाकडी माडीचे, वर कौलं, आणि चैत्र-वैशाखात डोंगरावरचं गवत वाळून कोरडंठाक झालेलं. म्हणून कंपनीनं एक आगीचा बंबही ठेवला होता. चाकांवरची लोखंडी टाकी, दोन बाजूंना वरखाली करायचे दांडे आणि कॅनव्हासची लांब नळी. शेडच्या दारात रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. तो वाजला की माळ्यांतले ठरलेले आठजण हातातलं खुरपं, पाण्याची झारी, जेवत असले तर ताट, जिथल्या तिथं टाकून बंबाकडे पळायचे. पगार मात्र माळ्याचाच. बंबाचे म्हणून वर्षाकाठी खंडेनवमीला एक नारळ आणि एक लाल फेटा. बंब धुऊन-पुसून त्याला शेंदूर आणि झेंडू वाहायचा, मॅनेजरनं नारळ फोडायचा, आठजणांना स्वतःच्या हातानं फेटे बांधायचे, आणि मग आठजणांनी बंब ओढत बाजारातून मिरवायचा. त्या दिवशी आठांतल्या एकाचंही डोकं उघडं असेल तर कुणी दांड्याला हात लावायचा नाही, अशी त्यांची शिस्त. आम्ही बाजारकरी दुकानांतून उतरून बघायला उभे राहायचो. मोठी हौस होती लोकांना त्या बंबाची.

वैशाखातल्या एका दुपारी एका बंगल्याच्या मुदपाकखान्यातून आग माडीला लागली. रूळ वाजला. ज्ञानू त्या दिवशी कामावर नव्हता. सुट्टी घेऊन इथं बाजारात बायकोबरोबर मीठ-मिरची घेत होता. हातातली पिशवी त्यानं ठकूबाईकडे दिली आणि पळाला. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माडीवर एक म्हातारा स्वयंपाकी अडकला होता. ज्ञानूनं त्याला खांद्यावरून खाली आणला. वर आणखी कुणी आहे असं कुणीतरी ओरडलं म्हणून पुन्हा चढला. वर कुणीच नव्हतं. कौलांसकट आढं खाली आलं.

ठकूबाईच्या पदरात एक लहान मुलगी आणि आंधळी सासू. शेत म्हणजे दगडांतला नाचणीचा एक तुकडा.

तेरावा झाल्यावर कंपनीचा मुकादम माझ्या वखारीत आला. गणपत मुकादम म्हणजे बाजारातला मुरलेला माणूस, बैलांचे सौदे करून मोठा झालेला. म्हणाला, "धोंडीशेट, साहेबांच्या मनात दया आहे. बाईला काहीतरी द्यायचंय. फक्त पुढं काही मागणं नाही, असा तिचा अंगठा पाहिजे. तुम्ही मधे पडा."

मी पडलो. बरं वाटलं मला. खरं ते सांगतो. ठकूबाईला बोलावलं. ती मुलीला मांडीवर घेऊन लाकडाच्या ओंडक्यावर बसली. आणखी चार शहाणी माणसं भोवती. तळेगावच्या बैलबाजारात चालतं तसं मी मुकादमाच्या आणि माझ्या हातांवर माझं उपरणं टाकलं आणि आत आमची बोटं बोलू लागली. ज्यांनी हा सौदा कधी केला नाही त्यांना त्यातली मजा कळायची नाही. तोंडानं पाऊसपाण्याच्या गोष्टी आणि उपरण्याखाली बोट धरायचं, सोडायचं, दाबायचं. शंभरावरून निघालो. दीडशे, दोनशे. अडीचशेला मुकादमाचा अंगठा थरथरला, आणि तीनशेपर्यंत तो येणार हे मला कळलं.

तेवढ्यात ठकूबाई उठली आणि तिनं उपरणं ओढून काढलं.

उजेडात आमचे दोन हात एकमेकांत अडकलेले. फार वाईट दिसतं ते उजेडात.

"काय चाललंय?" तिनं विचारलं.

"तुझ्याच भल्याचं चाललंय. बस खाली."

"आमचं मानूस बैल व्हतं का, भाऊ? मोट्यानं बोला की. समद्यांना ऐकू द्या." मग मुकादमाकडे वळली. "मुकादम, पैशाचं मागनं बोलू. त्येनी काय काम करताना गेले, त्ये आदी सांगा."

मुकादम खाली बघून म्हणाला, "बाई, ज्ञानू माळी होता. आगीत गेला तो आपल्या मर्जीनं. साहेब देतायत ते दयेपोटी."

"मंग र्‍हाऊ द्या. दया नगं."

"ठकूबाई!" मी ओरडलो. "अडीचशे रुपये! उद्या तीनशे होतील! आणि काहीच नाही मिळालं तर?"

"न्हाई तर न्हाई."

"हात हलवत बसशील!"

"बसंन. मोळ्या हायेत की. तू घेतोसच चार आन्यानं."

बघणारे हसले. मी मुकादमाला सोडून सगळ्यांना शिव्या घातल्या. माझा राग नुसता सौदा मोडल्याचा नव्हता. माझे वडीलही असेच एका वखारीच्या आगीत मालकाचे बैल सोडवताना गेले. तेव्हा कसला कायदा नव्हता. मालकानं आईला एक लुगडं, एक नारळ आणि महिन्याची ज्वारी दिली, आणि आई त्याच्या पाया पडली. त्या नारळाची आणि अडीचशे रुपयांची तुलना मी मनात करत होतो, आणि ही बाई अडीचशे रुपये झुरळासारखे झटकत होती.

कायदा आता झाला होता, चार-पाच वर्षांपूर्वी. ते आम्हांला शाळेतल्या एका मास्तरांनी सांगितलं. कामावर माणूस मेला तर त्याच्या तीस महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई, आणि ती मालकानं बाईच्या हातात नाही, सरकारच्या भरपाईच्या साहेबांकडे भरायची. आग विझवणाऱ्या दलातला माणूस त्या कायद्यात बसतो. बागेतला माळी बसत नाही. मास्तरांनी अर्ज लिहिला. कंपनीचं उत्तर आलं: मयत माळी होता, त्या दिवशी सुट्टीवर होता, आगीत स्वखुशीनं गेला. मास्तरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा ठकूबाईनं एवढंच विचारलं, "म्हंजी त्यांचं म्हननं, त्येनी उगंच मेले?"

"तसंच म्हणायचं."

"बरं," ती म्हणाली.

बंबावरचे बाकीचे सातजण साक्षीला येतील असं मला वाटलं. मी एकेकाला गाठलं, चहा पाजला, दम दिला. सगळे माना खाली घालून उठले. कंपनीची नोकरी होती त्यांना. मी संतापून ठकूबाईला म्हणालो, "चल माझ्याबरोबर. त्यांच्या दारात बसून रड. बघू कसे येत नाहीत."

"त्यांच्या चुली हायेत, भाऊ. मी न्हाई कुनाच्या दारात जायाची."

"मग काय करणार आहेस?"

"खंडेनवमी येऊ दे."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

खंडेनवमीला बंबाच्या शेडपुढं नेहमीची गर्दी. बंब लखलखत होता, शेंदूर लावलेला, झेंडूच्या माळा. मॅनेजर कोट घालून आला. वाईट माणूस नव्हता तो. वरून आलेलं लिहिणं खाली सही करून पाठवायचं एवढंच त्याच्या हातात होतं. नारळ फुटला. सातजणांना सात फेटे बांधून झाले. आठवा माणूस नवा होता, सखाराम नावाचा. तो उघड्या डोक्यानं बाजूला उभा. फेटे सातच आणलेले. ज्ञानूच्या जागी बंबावर माणूस घेतला असं दिसायला नको, म्हणून कुणीतरी शहाणपणानं आठवा फेटा आणला नव्हता.

गर्दीतून ठकूबाई पुढं आली. पांढरं कपाळ घेऊन पूजेच्या ठिकाणी. बायकांत कुजबुज झाली, एक म्हातारी "अगं मागं हो" म्हणालीसुद्धा. ठकूबाईच्या हातात धुऊन घडी घातलेला लाल फेटा.

"बाई, तुम्ही इथं?" मॅनेजर चाचरला.

"ह्यो फेटा गेल्या साली तुमी त्यांच्या डोक्याला बांदला व्हता, सायेब. हितंच. आता ह्यो कुनाचा? माळ्याचा आसंल तर तुमचा तुमी परत घ्या. बंबाचा आसंल तर बंबावर ज्यो आलाय त्याला बांदा. माज्या घरात नगं. मला त्यो कुनाचा म्हनून ठिवायचा, त्ये कळंना."

मॅनेजर इकडेतिकडे बघू लागला. मुकादम म्हणाला, "चला रे, ओढा बंब, उशीर होतोय!"

कुणी हललं नाही. सातजण फेटे बांधून दांड्यापाशी उभे, आणि सखाराम बोडका. आठव्या माणसाचं डोकं उघडं असताना दांड्याला हात लावायचा कसा? साक्षीला यायला घाबरलेली तीच माणसं. पण ही शिस्त मोडायची हिंमत त्यांच्यात नव्हती. त्यांतला थोरला खाकरून म्हणाला, "सायेब, त्याचं डोकं झाका आदी. मंग वढतो."

ऊन चढत होतं. बाजार बघत होता. मॅनेजरनं वैतागून ठकूबाईच्या हातातला फेटा घेतला आणि सखारामला म्हणाला, "ये रे इकडे. ज्ञानूच्या जागी तू. ये, बांधू दे."

"कुटल्या जागी, सायेब?" ठकूबाईचा आवाज, दरीपलीकडे जाईल असा. "बागंत का बंबावर?"

"अहो, बंबावर! बंबावर, ज्ञानूच्या जागी!"

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मुकादमानं डोळे मिटले. ठकूबाईनं बंबाला हात जोडले, वळली आणि आली तशी गेली. मी आनंदानं काहीतरी ओरडणार होतो, तर जाताजाता तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आवाजच फुटला नाही.

पुण्याला भरपाईच्या साहेबांपुढं मी साक्ष दिली, मास्तरांनी दिली, हलवायानं दिली. आणि मग ते सातजण. लोणावळ्यात चहा पिऊनही न बोललेले सातजण पुण्याला आपापल्या खर्चानं आले, फेटे बांधून. साहेबांनी मॅनेजरला विचारलं, फेटा तुम्ही बांधलात का? तो म्हणाला, "होय. मीच बांधला. आणि रूळ वाजल्यावर कोणी आला नाही तर त्याचा खाडा मीच लावत होतो, सुट्टी असो वा नसो." हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं आपण होऊन सांगितलं. पुढं कंपनीनं त्याला दुसरीकडे पाठवलं असं ऐकलं. मला तो माणूस भेटला असता तर मी त्याच्याशी हात मिळवला असता, उघड्यावर.

तीस महिन्यांचा पूर्ण पगार साहेबांनी भरायला लावला. मी हिशेब केला तर माझ्या अडीचशेच्या जवळजवळ दुप्पट. ठकूबाईनं तो हिशेब मला कधी ऐकवला नाही. मला ऐकवला असता तर बरं झालं असतं; मी उत्तर तयार ठेवलं होतं. मी शंभरावरून अडीचशेवर आणलं नसतं, तर कंपनीला घाबरवलं कुणी? पण हे म्हणायची संधी तिनं मला मरेपर्यंत दिली नाही.

साहेबांकडून दरमहा थोडे थोडे पैसे यायचे. तिनं बाजारामागं एक खोली घेऊन खाणावळ काढली. तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं, कधी सुकट. बंबवाले, हमाल, घाटातले गँगमन तिथं जेवायचे. मीही जायचो. एकदा मी ताटावर बसून म्हणालो, "ठकूबाई, मी रोजचं गिऱ्हाईक. दोन पैसे कमी घे." तिनं माझ्यापुढचं ताट उचललं आणि शेजारच्या हमालापुढं ठेवलं. भाकरी मोडलेली होती, तरी. हमाल जेवला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि पूर्ण पैसे दिले. तिच्या हातचं पिठलं दुसरीकडे कुठं मिळत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

एव्हाना तिचं नाव आजूबाजूला पसरलं. घाटात दरड कोसळून, विहिरीत सुरुंग उडून, कुठं कुणी गेलं की त्याच्या बायकोला लोक म्हणायचे, "ठकूमावशीकडं जा." ती त्या बाईला आधी जेवायला घालायची. मग विचारायची, "काय काम करताना गेले? मोट्यानं सांग." पैशाचं ती विचारायचीच नाही. ते साहेबांचं काम, म्हणायची. कुणी वाटाघाट करायला आला तर ती हात धुऊन बाहेर यायची आणि रस्त्यात उभी राहून त्याच्याशी बोलायची. रस्त्यात, सगळ्यांदेखत. माझ्यासारख्यांचं निम्मं कसब तिथंच मरून जायचं. सगळ्याच बायकांना मिळालं असं नाही. पण ज्यांना नाही मिळालं त्याही तिच्याकडे जेवायला यायच्या, आणि तिची मुलगी त्यांना वाढायची.

मी तिला शेवटचं पाहिलं ते दुसरी मोठी लढाई संपता संपता, लोणावळ्याच्या फलाटावर. त्यानंतरच्या थंडीत ती गेली. मी इमारती लाकडाच्या सौद्यासाठी पुण्याला निघालो होतो, सकाळच्या गाडीनं. फलाटाच्या टोकाला बाकावर ठकूबाई बसली होती. केस पिकलेले, गुडघे सुजलेले. शेजारी भाजे गावची एक पोर, विशी-बाविशीची. तिचा नवरा घाटात दरडीखालच्या माणसांना काढताना दुसऱ्या दरडीखाली सापडला होता.

मी जरा अलीकडे थांबलो. तिचा आवाज तसाही ऐकू येतच होता.

"तितं सायेब इचारंल, कोन गेलं? मंग काय सांगशील?"

पोरीनं पदर तोंडात धरला. "आमचं मानूस."

"समद्यांचीच मानसं आसत्यात, बाय. नाव?"

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.

"मावशी, मी न्हाई घेनार. कारकून वाचंल की."

"मला बी आसंच वाटलं," ठकूबाई म्हणाली. "त्या दिशी पुन्याला कारकुनानं वाचलं आन मी नुसती मान हलावली. बाजारात सायबाकडनं वदवलं, आन सवता न्हाई बोलले. लई सलतंय बघ मला त्ये." मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ ताठ करून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्ञानू! कुरवंड्याचा ज्ञानू, बंबावरचा!"

एक हमाल वळून बघू लागला. माझ्या हातातली पिशवी मी कशाला खाली ठेवली, मला कळलं नाही. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हां," ती पोरीला म्हणाली. "आता तू."

पोरीनं ओठ हलवले.

"ऐकू न्हाई आलं."

तेवढ्यात गाडी आली. इंजिनाचा आवाज, वाफ, डब्यांचा खडखडाट. ठकूबाईनं कानाला हात लावून मान पुढं केली. पोरीला ओरडावंच लागलं. मोठ्यानं, स्पष्ट, गावासकट.

ठकूबाईनं समाधानानं मान हलवली, तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठली, आणि दोघी बायकांच्या डब्याकडे चालू लागल्या.